आवाज कुणाचा?

1741 च्या नोव्हेंबरात हॅन्डेल लंडनहून डब्लिनला निघाला होता. चेस्टरला पोचला तोवर वारा फिरला, जहाज सुटेना, आणि या जाड्या, तापट संगीतकाराला काही दिवस तिथल्या खाणावळीत मुक्काम ठोकावा लागला. सामानात 24 दिवसांत लिहून हातावेगळा केलेला 'मेसाया' हा ऑरेटोरिओ, म्हणजे एकलगायक, कोरस आणि वाद्यवृंदासाठीची लांबलचक धार्मिक रचना, होता. बसलोच आहोत तर कोरसच्या जागा एकदा म्हणवून घेऊ, या विचाराने त्याने कॅथेड्रलच्या ऑर्गनवादकाकडे चौकशी केली : नोटेशन समोर ठेवलं की लगेच गातील अशी माणसं गावात आहेत का? ऑर्गनवादकाने जी नावं दिली त्यात जॅन्सन नावाचा एक छापखानेवाला होता. आवाज खर्जाचा, भरदार. प्रत्यक्ष तालमीत मात्र या गृहस्थाची पार गाळण उडाली. हॅन्डेलने आधी चार-पाच भाषांत शिव्या हासडल्या आणि मग विचारलं, बघून गाता येतं असं तूच सांगितलं होतंस ना? जॅन्सन म्हणाला, येतं की; पण पहिल्यांदाच बघून नाही.

हा किस्सा चार्ल्स बर्नी या संगीताच्या इतिहासकाराने लिहून ठेवला आहे. तो त्या वेळी चेस्टरलाच शाळेत होता. 'मेसाया' पुढे जगभर गाजला, हॅन्डेल वेस्टमिन्स्टर ॲबीत पुरला गेला, आणि जॅन्सनचे वारस आजही दर सप्टेंबरात इंग्लंड-अमेरिकेतल्या गावोगावच्या हौशी कोरसांच्या दारात, हातात पाण्याची बाटली घेऊन, ऑडिशनला आपला नंबर लागायची वाट बघत असतात.

इंग्लंडात बऱ्यापैकी गाव असेल तर तिथे एक चर्च, एक पब आणि एक कोरल सोसायटी असायचीच, असं म्हणायला हरकत नाही. कोरल सोसायटी म्हणजे साठापासून दीडशेपर्यंत माणसांचा गाणारा जमाव. आठवड्यातून एका संध्याकाळी चर्चच्या किंवा शाळेच्या हॉलमध्ये जमायचं, दोन तास बाख, मोत्सार्ट किंवा ब्राह्म्स गायचा, मधल्या सुट्टीत चहा-बिस्किटं खायची आणि दोन-तीन महिन्यांनी काळे कपडे घालून कार्यक्रम करायचा. गाणारे कोण? दंतवैद्य, निवृत्त हेडमास्तर, नर्स, विमा एजंट, बागेत दिवसभर राबून आलेल्या आजी. मानधन नाही. उलट वर्गणी भरायची, पुस्तकाचं भाडं वेगळं. वाद्यवृंद आणि पुढे उभे राहणारे चार एकलगायक मात्र पैसे घेऊन येतात, आणि ते पैसे तिकीटविक्रीतून भागले नाहीत की या वर्गणीतूनच जातात. म्हणजे मंचावर शंभर माणसं पैसे देऊन गातात, चार माणसं पैसे घेऊन गातात, आणि पुष्पगुच्छ त्या चौघांना मिळतात.

मराठी माणसाला यात फारसं नवल वाटू नये. दिवसभर ऑफिसात खर्डेघाशी करून रात्री तालमीला पळणारे, सेटसाठी पदरमोड करणारे हौशी कलावंत आपल्याकडे 1954 पासून राज्य नाट्य स्पर्धा लढवत आले आहेत. पण एक मोठा फरक आहे. हौशी नट निदान आपण लोकांना दिसावं म्हणून धडपडतो. कोरसातल्या माणसाची सगळी धडपड आपण वेगळे ऐकू येऊ नये यासाठी असते. आधी कडक परीक्षा देऊन आपला आवाज कसा आहे ते सिद्ध करायचं आणि एकदा आत घेतलं की तो कुणाच्या लक्षात येणार नाही याची जन्मभर काळजी घ्यायची. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात 'आवाज कुणाचा' म्हणून बेंबीच्या देठापासून ओरडलेल्या माणसाला हे पचायला वेळ लागतो.

ऑडिशनची खोली बहुधा थंड असते. टेबलामागे दोघंतिघं, कोपऱ्यात पियानो. आधी आवाजाचा पल्ला मोजतात. पाच स्वर चढायचे, पाच उतरायचे, मग तेच अर्धा स्वर वरून, पुन्हा अर्धा स्वर वरून, आवाज चिरकेपर्यंत. मग तसंच खाली, तो घोगरा होऊन विझेपर्यंत. टेबलामागचा माणूस चेहऱ्यावर तसूभरही भाव न दाखवता काहीतरी लिहितो आणि उमेदवाराचं निम्मं लक्ष त्या लिहिण्याकडे. आपण गायलो तेव्हा फक्त एक शब्द लिहिला, तो कुठला असेल?

मग कानाची परीक्षा. एकमेकांशी काडीचा संबंध नसलेले पाच-सहा स्वर पियानोवर एकदाच वाजवतात, ते जसेच्या तसे म्हणायचे. तीन स्वर एकदम दाबतात आणि त्यातला मधला गाऊन दाखवा म्हणतात. त्यानंतर घरून बसवून आणलेलं गाणं. उमेदवाराने त्यावर महिनाभर रक्त आटवलेलं असतं, बाथरूममध्ये, गाडीत, शेजाऱ्यांचा रोष पत्करून. परीक्षक ते पहिल्या पानावरच, 'थँक यू, फारच छान' म्हणून थांबवतात. 'फारच छान'चा अर्थ काय हे इंग्रज माणसाच्या बाबतीत त्याच्या बायकोलाही सांगता येत नाही. आणि शेवटी जॅन्सनचा पेपर. जन्मात न पाहिलेलं नोटेशन पुढे येतं, अर्धा मिनिट बघून घ्यायचं आणि गायचं. इथे उमेदवारांचे दोन प्रकार पडतात : स्वर बरोबर पण ताल गेलेला, आणि ताल बरोबर पण स्वर परमेश्वरावर सोडलेले. ज्याचं दोन्ही चुकतं पण जो न थांबता, ठाम चेहऱ्याने शेवटापर्यंत जातो, तो पुष्कळदा पास होतो. कोरसात चुकणाऱ्यापेक्षा थांबणारा जास्त घातक.

एकदा आत घेतलं म्हणजे सुटलो असंही नाही. मोठ्या कोरसांत दर काही वर्षांनी पुन्हा परीक्षा होते. वीस वर्षं गाणाऱ्याला नव्या पोरांच्या रांगेत बसावं लागतं. बॉस्टन सिम्फनीबरोबर गाणारा टँगलवूड फेस्टिव्हल कोरस 1970 मध्ये जॉन ऑलिव्हरने उभा केला. तिथले गायक विनामोबदला गातात, आणि तासतासभराच्या लॅटिन-जर्मन रचना हातात पुस्तक न घेता, पाठ करून गाण्याबद्दल त्यांची ख्याती झाली. फुकट काम करणाऱ्यांकडून इतकं काम करून घेणं आपल्याकडे फक्त लग्नघरात जमतं.

या सगळ्या कडक शिस्तीला एकच अपवाद आहे, तो म्हणजे टेनर. कोरसाचे चार भाग : बायकांचे सोप्रानो आणि आल्टो, पुरुषांचे टेनर आणि बास. मुळात पुरुष कमी येतात, आणि येतात त्यातले बहुतेक बोलत्या पट्टीतच गाऊ शकणारे असल्यामुळे बासमध्ये जाऊन बसतात. वरच्या पट्टीचा पुरुष म्हणजे दुर्मीळ जिन्नस. सोप्रानो होऊ इच्छिणाऱ्या बाईला प्रतीक्षायादी दाखवतात. टेनरला चहा देतात. त्याने स्वरांची शिडी अर्धी चढली की परीक्षक खुर्चीतून उठून विचारतात, गुरुवारी येणं जमेल ना? तरीही टेनर पुरत नाहीत, तेव्हा खालच्या आवाजाच्या दोन-तीन आल्टो बायकांना त्या रांगेत उभं करतात.

समजा, आपल्याकडून विशारद होऊन गेलेला एखादा माणूस तिकडच्या ऑडिशनला गेला. त्याची तयारी दांडगी, सूर पक्का, पण अडचणी वेगळ्याच. एक तर 'सा' त्याचा नाही. आपल्याकडे गवई 'काळी एक' म्हणतो आणि तंबोरे मुकाट्याने तिथे लागतात. इथे हॅन्डेलने 'मेसाया'तला 'हालेलुया' कोरस डी मेजरमध्ये लिहून ठेवला तो तिथेच गायचा. आज घसा बसलाय, अर्धा स्वर उतरवू या, असं म्हणण्याची सोय नाही. दुसरं म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर तो सवयीने मींड घेत जातो आणि परीक्षक दचकून वर बघतो, कारण तिकडे त्याला घसरणं म्हणतात. आणि तिसरं, वाचन. भातखंड्यांनी आणि पलुस्करांनी स्वरलेखन रूढ केलं खरं, पण ते चीज विसरू नये म्हणून. पुस्तक पुढ्यात ठेवून आयत्या वेळी गायचं, हे आपल्या गवयाच्या कल्पनेत बसत नाही. (चतुर रसिक म्हणतील, हल्ली मैफलीत टॅबलेट दिसतो. दिसतो, पण त्याच्याकडे कुणी बघत नाही असं दाखवायची पद्धत आहे.)

या विशारदाने खचून जाऊ नये. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडातल्या गिरणी कामगारांना आणि खाणमजुरांना कोरसात आणायचं तर पाच रेघांचं नोटेशन आड येत होतं. तेव्हा नॉर्विचच्या सॅरा ग्लोव्हर या शिक्षिकेने आणि पुढे जॉन कर्वेन या पाद्र्याने अशी सोल-फा पद्धत रूढ केली, की जिच्यात पहिला स्वर कुठेही धरता येतो आणि बाकीचे त्याच्या नात्याने ओळखायचे. म्हणजे आपल्या सारेगमचीच चाल. नॉव्हेलो या प्रकाशकाने त्याच सुमाराला गिनीत मिळणारी पुस्तकं शिलिंगांत आणली आणि यॉर्कशर-लँकेशरच्या गिरण्यांतून हजारो माणसं 'मेसाया' गायला लागली. 1859 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये हॅन्डेलच्या शंभराव्या पुण्यतिथीनिमित्त अडीच हजारांहून जास्त गायक एकदम उभे होते. डब्लिनच्या पहिल्या प्रयोगात दोन कॅथेड्रलांतले मिळून मूठभर पुरुष आणि मुलगे गायले होते.

हडर्सफील्डची कोरल सोसायटी 1836 मध्ये एका पबमध्ये स्थापन झाली. सभासदांना बैठकीत बीअर, पाव आणि चीज मिळे. नियमावलीत 1842 मध्ये असंही कलम होतं, की समाजवाद्यांच्या सभांना जाणाऱ्याला सभासद करू नये आणि ग्रंथपालाने समाजवाद्याला जाणूनबुजून नोटेशनची प्रत उसनी दिल्यास त्याचीही हकालपट्टी व्हावी. हौशी संस्थेच्या घटनेत गाण्यापेक्षा कलमं जास्त असतात हा काही फक्त पुण्याचा शोध नव्हे.

तालमीत पहिली मागणी पेन्सिलीची. कंडक्टर येतो, स्टँड नीट करतो आणि विचारतो, पेन्सिल आहे ना सगळ्यांकडे? निम्म्यांकडे नसते. मग दोन तास सूचनांचा पाऊस. इथे श्वास, इथे श्वास नाही, इथे हळू, इथे आणखी हळू, आणि 'हळू म्हणजे सावकाश नव्हे' हे दर दहा मिनिटांनी. पानावरच्या खुणांत सगळ्यात मोलाची खूण म्हणजे चष्म्याचं चित्र. पुस्तकातून डोकं वर काढून कंडक्टरकडे बघ, असा तिचा अर्थ. अनुभवी गायकाच्या पुस्तकात एकाच ओळीवर तीन-तीन चष्मे सापडतात, आणि तरीही त्या ओळीला तो खालीच बघत असतो.

श्वासाचा नियम तर विलक्षण आहे. लांबलचक स्वर अखंड ऐकू यायला हवा, पण माणसाची छाती तेवढी नाही. म्हणून प्रत्येकाने शेजारी घेईल त्या क्षणी श्वास घ्यायचा नाही. दम संपायच्या आधी गुपचूप गळायचं, हवा भरायची आणि गुपचूप पुन्हा शिरायचं. सूत्र असं, की शेजारचा ऐकू येत नसेल तर तुम्ही मोठ्याने गाताय, आणि फक्त तुम्हीच ऐकू येत असाल तर घरी जा. शब्दाच्या शेवटी 'स' आला की संकट. शंभर माणसांनी तो आपापल्या सवडीने उच्चारला तर एकामागून एक प्रेशर कुकर उतरल्यासारखं वाटतं. यावर काही कंडक्टरांचा उपाय म्हणजे निम्म्या लोकांनी 'स' म्हणायचाच नाही. मोबदला न घेता गाणाऱ्या माणसाला त्याच्या वाट्याचं अक्षरही नाकारलं जातं आणि तो मान डोलावून ते पेन्सिलीने खोडतो!

सोप्रानोंना चाल मिळते, म्हणून त्या सुखी. बासवाले मागे उभे असतात आणि अर्धा ठोका उशिरा येतात. आवाज लांबून येतो म्हणून, असं त्यांचं म्हणणं. आल्टोंच्या वाट्याला कधीकधी पानभर एकच स्वर येतो. तो त्या इतक्या निष्ठेने गातात की चौघांत वाचन त्यांचंच चांगलं, असं सगळे मान्य करतात. वाचन सुधारायला त्यांना वेळही पुष्कळ मिळतो.

या हौशी मंडळींना हसणं सोपं आहे, पण त्यांच्या नावावर मोठी कामं जमा आहेत. बाखचं 'सेंट मॅथ्यू पॅशन' त्याच्या मृत्यूनंतर बासनात पडलं होतं. ते 11 मार्च 1829 रोजी बर्लिनमध्ये पुन्हा गायलं ते झिंगअकाडेमीने, म्हणजे 1791 पासून चालत आलेल्या नागरिकांच्या हौशी गायनमंडळाने. समोर कंडक्टर म्हणून वीस वर्षांचा मेंडेल्सझोन. परवानगी मागायला तो आणि त्याचा गायक मित्र डेव्रिएंट प्रमुख झेल्टरकडे गेले, तेव्हा म्हाताऱ्याने त्यांची शेंबडी पोरं म्हणून संभावना केली, असं डेव्रिएंट आठवणींत सांगतो. प्रयोगाला खुद्द राजा आला आणि शेकडो लोकांना तिकीट न मिळाल्याने परत जावं लागलं.

उलट घडल्याचीही नोंद आहे. इंग्रज संगीतकार एल्गारच्या 'ड्रीम ऑफ जेरोन्शिअस'चा पहिला प्रयोग 3 ऑक्टोबर 1900 रोजी बर्मिंगहॅमला होता. कोरसाची तयारी करून घेणारा माणूस काही महिने आधी वारला, निवृत्त झालेल्या एका वृद्ध गृहस्थाला परत बोलावलं, त्याला ते संगीत झेपेना, आणि कंडक्टर हान्स रिष्टरच्या हाती संपूर्ण स्वरलिपी उशिरा पडली. कोरस इतका भरकटला की आज इंग्लंडात डोक्यावर घेतली जाणारी ही रचना त्या दिवशी पार आपटली. एल्गार काही दिवस देवावरच रुसून बसला होता.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी भीती एकाच जागेची असते. 'हालेलुया'च्या अगदी शेवटी, सगळे तारस्वरात तोच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत असताना, हॅन्डेलने अचानक पूर्ण विराम टाकला आहे. ठोकाभर सारं स्तब्ध, मग संथ, भव्य शेवट. त्या स्तब्धतेत आणखी एक 'हालेलुया' ठणठणीत आवाजात उमटला नाही असा कोरस विरळा. बारा आठवडे ज्याचा आवाज कुणाला ऐकू आला नाही त्याचा तो त्या क्षणी बाल्कनीपर्यंत पोचतो. बहुधा तो बासच असतो.

'मेसाया'त येशूच्या जन्माचा जो कोरस आहे त्यात एका शब्दावर पन्नासच्या आसपास स्वरांची धावती तान आहे आणि हौशी गायकांची तिथे दाणादाण उडते. ती चाल हॅन्डेलने काही आठवड्यांपूर्वी स्वतःच लिहिलेल्या एका इटालियन प्रेमगीतावरून उचलली होती. प्रेमाची फसगत सांगणारं दोघींचं गाणं सरळ बाळ येशूच्या पाळण्याशी गेलं. चिजांवर नाट्यपदं आणि सिनेमाच्या चालींवर भजनं ऐकलेल्या कानांना यात धक्का बसण्यासारखं काही नाही.

जपानात हा छंद वेडाच्या पातळीला गेला. पहिल्या महायुद्धात चीनमधल्या चिंगताव इथे पकडलेले जर्मन सैनिक जपानच्या बांदो छावणीत होते; त्यांनी 1 जून 1918 रोजी बेथोव्हेनची नववी सिम्फनी वाजवली आणि बायका नसल्याने सोप्रानो-आल्टोचे भागही पुरुषांसाठी बदलून गायले. आता डिसेंबरात ओसाकात दहा हजार हौशी माणसं मिळून ती जर्मनमध्ये गातात. 1983 पासून हा प्रघात आहे, आणि नवख्यांचे त्याआधी कित्येक आठवडे वर्ग चालतात.

आपल्याकडेही हा प्रकार अगदीच परका नाही. मुंबईत व्हिक्टर परांजोती यांनी 1956 मध्ये परांजोती अकॅडमी कोरस सुरू केला. 1967 मध्ये ते गेल्यावर कूमी वाडिया यांनी कित्येक दशकं तो सांभाळला. नोकरी-धंदा करून संध्याकाळी चार भागांत गाणारे मुंबईकर घेऊन त्या परदेशांतही गाऊन आल्या. गोव्यात तर पोर्तुगीज काळापासून चर्चला जोडलेल्या शाळांतून पोरांना सोल्फेज, म्हणजे नोटेशन बघून गाणं, आणि व्हायोलिन शिकवत. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत गोवेकरांचा भरणा का होता याचं उत्तर त्या शाळांत आहे. जॅन्सनचा पेपर साळगावच्या दहा वर्षांच्या पोराने चुटकीसरशी सोडवला असता.

ज्यांना कुठेच घेत नाहीत त्यांचीही सोय झाली आहे. 2016 मध्ये नॉटिंगहॅमजवळ बेसूर माणसांसाठी 'ट्यूनलेस क्वायर' सुरू झाला. तिथे ऑडिशन नाही आणि सुरात गायची अटही नाही. शाळेत 'तू नुसते ओठ हलव' असं बाईंनी सांगितलेली माणसं तिथे मोकळ्या गळ्याने गातात, आणि अशा गटांची संख्या पुढे वाढत गेली.

बाकीच्यांसाठी हंगाम सप्टेंबरात सुरू होतो. परदेशी असलेल्या मराठी मंडळींनी गावातल्या कोरल सोसायटीला एक ईमेल टाकून बघावा. मुंबई-गोव्यातल्यांनी आधी घराजवळ चौकशी करावी. जाताना पेन्सिल न्यावी आणि रबरही न्यावं, कारण पुस्तकं भाड्याची असतात आणि परत करण्याआधी सगळे चष्मे खोडावे लागतात. टेनरने रिकाम्या हाताने गेलं तरी चालेल.